उताऱ्यातला बैल

मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले असते, तर अकोल्याचं स्थळ पक्कं होतं. बाबांनी तसं सांगूनच टाकलं होतं, आणि बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला मात्र ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. बाकी विषय ठीक होते. इंग्रजीतले वाक्प्रचार तेवढे जीव खायचे. कोणतं वाक्य सरळ घ्यायचं आणि कोणतं नाही, हे कळायचंच नाही.

मग मी एक युक्ती काढली. अमरावतीच्या आमच्या घरी माय ओसरीत ज्वारी पाखडत बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोकं भारी चालायचं. मी इंग्रजी वाक्य वऱ्हाडीत करून तिला ऐकवायची. "माय, त्यानं हवेत किल्ले बांधले." ती म्हणायची, "काहून, खाली जागा नोती काय?" की झाला वाक्प्रचार. अर्थ मग मी पुस्तकातून पाठ करायची. तिनं नुसती मान हलवली, तर वाक्य सरळ.

सराव परीक्षेतल्या उताऱ्यात एका माणसाबद्दल 'ही टुक द बुल बाय द हॉर्न्स' असं होतं. मला आनंदच झाला, कारण हे मी मायला विचारून ठेवलं होतं. "पोयाले शिंगं रंगवाची तं बैल शिंगाले धराच लागते," ती म्हणाली होती. मी पोळा, हिंगूळ, सगळं लिहून आले. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, 'संकटाला सरळ भिडला' असा अर्थ सांगितला आणि शून्य दिलं. मुली हसून हसून लोळल्या. घरी येऊन मी मायवर अशी भडकले, की तिच्या सुपातली ज्वारी सांडली.

"तुया मास्तरच्या घरी बैल नसन," माय म्हणाली. मग दाणे वेचता वेचता तिनं विचारलं, "अन् त्या माणसाच्या घरी होता काय वं?"

मी उतारा पुन्हा वाचला. तो माणूस शहरातला वकील होता. ना शेत, ना गोठा.

"मंग पयले तेच पायत जाय ना."

मॅट्रिकच्या पेपरात प्रत्येक वाक्याला मी आधी बैल शोधला. पास झाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बाबांनी वर्तमानपत्रातला माझा नंबर दोनदा पाहिला आणि अकोल्याला नकाराचं कार्ड लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "इंग्रजी कोणत्या मास्तरनं शिकवलं तुले?"

माय सूप खाली न ठेवता म्हणाली, "म्या."