गवंड्यानं लिंपलेला पाझर

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडीच तो, आणि स्वभावही भिंतीला लावायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा ताठ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि उतारवयात स्वतःच्या जमिनीत ओढा अडवून मातीचं छोटं धरण घातलं. आजूबाजूच्या मळ्यांना त्याचंच पाणी जायचं. धरणाखाली, हाकेच्या अंतरावर लेकीचं घर. तेही त्यानंच बांधलेलं.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत," धरणाला चकरा मारताना बघून बायको टोमणा मारायची.

"तू कुठं गळतेस?"

पण धरण खरंच गळायला लागलं. पायथ्याच्या गवतातून बारीक, स्वच्छ धार यायची. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, तेवढ्यानं काही होत नाही. पण गवंड्याला गळती म्हणजे नाक कापल्यासारखं. टाकी गळाली की जिथं पाणी दिसेल तिथं सिमेंट, एवढंच त्याला ठाऊक. इथंही थापीनं गुळगुळीत गिलावा ओढला. धार बंद झाली. गडी खूश.

बंद झाली ती फक्त बाहेर पडायची वाट. आतला जोर तसाच होता.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी खाली उतरला तर गिलावा जागच्या जागी, पण बाजूला पाय घोट्यापर्यंत रुतला. तिथून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. ओंजळीत घेतलं तर गढूळ. म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहून येत होती.

धरण काठोकाठ भरलेलं. खाली लेकीच्या दोरीवर नातीचे इवलेसे कपडे वाळत होते.

आधी पळत जाऊन धरणाच्या झडपेचं चाक पूर्ण फिरवलं, मोसमाचं साठवलेलं पाणी ओढ्याला वाहायला लागलं. मग लेकीच्या दारात.

"घर सोड. आत्ता."

लेक भांडी घासत होती. "का हो बाबा?"

"धरणाचा भरवसा नाही."

ती हसली. "तुम्ही बांधलेलं, आणि पडेल? सगळ्यांना तुम्हीच सांगत फिरता की."

"मीच बिघडवलंय गं. नको तिथं लिंपलं. पोरीला घे, वरच्या रस्त्याला जा."

बापानं चूक कबूल केलेली लेकीनं आजवर ऐकली नव्हती. तिनं नळसुद्धा बंद केला नाही, पोरीला कडेवर घेतलं आणि निघाली.

तो परत पायथ्याशी गेला, वाळू न् खडीची घमेली ओतायला. त्यातून पाणी जाऊ दे, माती तेवढी अडू दे. बायको मागोमाग आली.

"तू वर जा."

"तुम्ही चला, मग जाते," म्हणत तिनं दुसरं घमेलं उचललं.

वरचं पाणी हळूहळू उतरत होतं, फारच हळू. प्रत्येक घमेल्यानंतर दोघं वाकून पाहायची. पाणी अजून गढूळच होतं.