व्हिएन्नासाठी उभं राहण्याचा सराव

मिलिंददादा चहा बशीत ओतून प्यायचा. गाणं आवडलं की डोळे मिटून बोट वर करायचा. दर शनिवारी स्कारबरोतल्या घराच्या बेसमेंटमध्ये रेडिओवर ऑपेरा लावून तीन तास भिंतीला न टेकता उभा राहायचा. व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभ्यानं ऐकायची जागा स्वस्तात मिळते, त्याचा हा सराव.

"तिथे 'वन्स मोअर' ओरडलास तर हाकलून देतील हं," अरुणावहिनी म्हणायची.

"देऊ देत. पण ऐकून झाल्यावर!"

२००९च्या मार्चमध्ये त्यानं एकदाचं विमानाचं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी सकाळीच त्याचं हृदय बंद पडलं. वहिनी मला फोनवर एवढंच म्हणाली, "ये."

दाराशी वर्तमानपत्रावर त्याचे काळे बूट होते. एक चकचकीत होता. दुसऱ्याला पॉलिश फासलेलं होतं, ब्रश मारायचा राहिला होता.