काकांचा जबडा

रामघाटावरच्या पाठशाळेत माझे काका वेद शिकवत. एका वर्षी पाठ म्हणताना त्यांचा जबडा कानाशी कटकट वाजू लागला आणि दुखू लागला. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी शेक सांगितला, मऊ भात सांगितला आणि पंधरा दिवस पान व पाठ दोन्ही बंद केले.

मुख्य शास्त्रीबोवा गालातले पान सांभाळत हसले. "वेदमूर्ती, गोऱ्यांचं औषध म्हणजे मौन! जबडा आळसानं आखडलाय. पाठ दुप्पट करा."

नोकरी जाईल या भीतीने काकांनी तसे केले. चौथ्या दिवशी जबडा उघडाच अडकला. डॉक्टरांनी तो बसवला, पण तोवर शास्त्रीबोवांनी काकांची जागा स्वतःच्या जावयाला दिली होती. त्याला पाठ अर्धाच येत होता. जबडा मात्र उत्तम होता.