डावऱ्याचे वकील

माझ्या साडभाऊंइतका निःस्वार्थ माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नाही, असं मी छातीठोकपणे म्हणतो. सातासमुद्रापलीकडच्या एका उंचापुऱ्या पोराच्या हक्कासाठी हा माणूस वर्षानुवर्षं भांडला. त्या भांडणात त्यांनी सकाळची झोप घालवली, दुकानातली गिऱ्हाइकं घालवली आणि एकदा तर सख्ख्या मुलीचं माहेरपण घालवायची पाळी आणली. त्या पोराला याची गंधवार्ताही नाही. साडभाऊंची त्याबद्दल तक्रारही नाही. "आपण आपलं बोलत राहायचं, प्रोफेसर," ते मला म्हणायचे. "न्यायाची गोष्ट आहे, ओळखीची नाही."

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. बुटके, गोल, अंगात कायम पांढरा बुशशर्ट आणि बोलताना उजवा हात डोक्याच्या वर. हा हात ते कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे तेव्हापासून वर आहे. चेंडू हातात आला की थेट बास्केटकडे फेकायचा, हा एकच नियम त्यांनी तेव्हा पाळला. त्यांचे जुने सोबती सांगतात, की यांच्या हातात चेंडू गेला की बाकीचे चौघे कमरेवर हात ठेवून गप्पा मारत उभे राहायचे, कारण तो परत येणार नाही याची सगळ्यांनाच खात्री होती. दुकानातही तीच तऱ्हा. खाप्याहून आलेला एखादा व्यापारी शाळेच्या गणवेशाचं खाकी कापड मागायचा. साडभाऊ त्याच्यापुढे खाकी टाकायचे, मग निळं टाकायचे, मग चौकटीचं, मग पडद्याचं. तो बिचारा "खाकीच पाह्यजे जी" म्हणत राहायचा आणि यांचे ठाण त्याच्या डोक्यावरून उलगडत जायचे. "टाकत राहिलं पाह्यजे," ते मला नंतर समजावत. "एखादं लागतेच." आणि खरं सांगायचं तर लागायचंही. तो माणूस खाकीबरोबर पडदे घेऊन खाप्याला जायचा आणि घरी जाऊन बोलणी खायचा.

पुढे मोबाइलवर अमेरिकेतले व्यावसायिक सामने दिसायला लागले आणि साडभाऊंच्या आयुष्याला नवी पालवी फुटली. तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे नागपुरात दूधवाला यायच्या सुमारास यांच्या दिवाणखान्यात सामना रंगात आलेला असे. मोबाइलचं चित्र टीव्हीवर आणायची विद्या त्यांनी मुलीकडून शिकून घेतली होती. टीव्हीसमोरून कोणी जायचं नाही, झाडू मारायचा नाही, कुकर लावायचा नाही. शिट्टी पंचाची की वरणाची, हे कळत नाही म्हणून. माझ्या मेहुणीने त्या घरात कित्येक वर्षं सामन्याच्या दिवशी वरण नऊनंतरच शिजवलं आहे.

तिथल्या एका बलाढ्य संघावर त्यांचा जीव जडला. तो संघ म्हणजे सणासुदीच्या तोंडावरचं भरलेलं गोदाम. मैदानात पाच उतरतात, पण यांच्याकडे पहिल्या पाचात शोभतील असे दहा जण. त्या दहांत एक डावखुरा गार्ड होता. गार्डचं काम म्हणजे चेंडू पुढे न्यायचा आणि जो मोकळा असेल त्याच्या हाती द्यायचा. हा पोरगा त्या वाटपाच्या भानगडीत पडतच नसे. चेंडू आला की फेकला. पडला तर लोक टाळ्या वाजवत, नाही पडला तर हा पुन्हा फेकी. त्याचं नाव साडभाऊंच्या जिभेला वळत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला 'डावरा' करून टाकलं. संघाचा प्रशिक्षक मात्र डावऱ्याला सुरुवातीला बेंचवर बसवून ठेवी आणि बाकीचे दमले की मग आत सोडी. एकेकाची मिनिटं मोजणाऱ्या त्या प्रशिक्षकाला साडभाऊ 'मुनीमजी' म्हणत, आणि त्या एका शब्दात जगातला सगळा तिरस्कार भरत. त्यांचं म्हणणं एकच होतं. डावरा पहिल्यापासून खेळला पाहिजे. ज्याचा हात चालतो त्याला बसवून ठेवणं हे पाप आहे.

हे म्हणणं ते कुठेही मांडत. एकदा आम्ही दोघं एका नव्वदी ओलांडलेल्या आजोबांच्या घरी भेटायला गेलो होतो. आजोबा आदल्या दिवशी गेलेले, घरात शांतता, सगळे खाली मान घालून बसलेले. त्याच सकाळी डावऱ्याचा संघ हरला होता. बराच वेळ गेला आणि साडभाऊंनी एक खोल उसासा सोडला. "नुसतं बसवून ठेवलं जी," ते स्वतःशीच म्हणाले. "वेळेवर आत नेलं असतं तर ही पाळी आली नसती." मला घाम फुटला. पण आजोबांच्या थोरल्या मुलाने उठून साडभाऊंना मिठी मारली. "काका, एवढ्या लोकात तुम्हीच मनातलं बोलले," तो म्हणाला. आजोबांना दवाखान्यात न्यायचं की नाही यावर त्या भावांमध्ये वाद झाला होता, हे आम्हाला नंतर कळलं. साडभाऊंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पाहा, लोकाइलेबी पटून राहिलं."

पण प्रतिस्पर्ध्याशिवाय वकिलाला मजा नाही, आणि हा प्रतिस्पर्धी त्यांनी स्वतःच तयार केला. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, मंजिरीचं, लग्न नरखेडकडच्या घरात झालं. व्याही संत्र्याचे बागायतदार. शांत माणूस, आवाज असा की दोन हात लांब बसलं तर कान पुढे करावा लागावा. साखरपुड्याला व्याह्यांशी बोलायचं काय हे न सुचून साडभाऊंनी त्यांना बास्केटबॉल समजावून सांगितला. व्याह्यांनी ऐकून घेतलं, घरी गेले आणि विहिरीवर मोटार सुरू करून, मोबाइल आंब्याच्या फांदीला टेकवून सामने पाहू लागले. चार-सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"व्याहीबुवा, तुमचा डावरा पाहून राहिलो."

"कसा वाटते?"

"चांगला आहे जी. पण मुनीमजीचं बरोबर आहे. त्याले मागूनच सोडाले पाह्यजे. पहिल्या पाण्यातच सगळी मोटार खोलली तर मागच्या झाडाले काय राहीन?"

त्या दिवसापासून गांधीबाग आणि नरखेड यांच्यात जो वाद जुंपला तो रोज सकाळी सामना संपल्यावर फोनवरून चाले. साडभाऊ ओरडत, तिकडून व्याही पुटपुटत. हे फोनवरच हात डोक्यावर नेऊन चेंडू कसा फेकायला हवा होता ते दाखवत. दोघेही एकमेकांना कधी 'बुवा'शिवाय हाक मारत नव्हते आणि फोन ठेवताना घरच्या सगळ्यांची चौकशी करत होते. त्यामुळे आम्हाला त्यात काळजीचं काही वाटलं नाही.

काळजीचा दिवस उगवला तो मंजिरीच्या डोहाळजेवणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती महिनाभर आधीच नागपूरला राहायला आली होती. मे महिना, दोन्ही कूलर घोंगावताहेत, झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा लावलेल्या. व्याही मंडळी आदल्या संध्याकाळीच आली होती, आणि नेमका त्याच सकाळी बाद फेरीतल्या सात सामन्यांच्या मालिकेतला एक सामना होता. दोघे व्याही एका सोफ्यावर बसून तो पाहत होते. शेवटचे काही क्षण उरले, डावऱ्याच्या संघाला एकच बास्केट हवं होतं, चेंडू डावऱ्याकडे. त्याच्या उजवीकडे त्याचाच सोबती अगदी मोकळा उभा, हात वर करून. डावऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फेकला. चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून बाहेर गेला आणि सामना हातचा गेला.

"सुरुवातीपासून खेळवला असता तर हात गरम राहिला असता!" साडभाऊ ओरडले.

"बाजूचा माणूस दिसला नाही त्याले," व्याही म्हणाले. "हाताचं नाही जी, डोळ्याचं काम आहे."

ओटी भरली, ओवाळणं झालं, बायकांची गाणी झाली, तरी दोघांचं चालूच. पंगत बसली. मंजिरी हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, पाटावर बसलेली. तिच्यासमोरच दोघे शेजारी शेजारी जेवत होते. व्याह्यांनी पुरणपोळीवर तूप घेत हळूच पुन्हा सांगितलं, की चार माणसांत राहायचं तर चौघांना विचारून चालावं लागतं. आणि साडभाऊंचा तोल गेला.

"म्हणूनच तुमचा पोरगा असा निघाला! कोणता शर्ट घालू, तेबी चौघाइले विचारते! सोताहून एक गोष्ट ठरवली का त्यानं आजवर?"

वाढणारी माझी मेहुणी हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. जावई पंगतीतच होते. ते ताटातल्या भाताकडे पाहत राहिले. व्याह्यांनी ताटाला नमस्कार केला, उठले, हात धुतले आणि बायकोला म्हणाले, "चाल वं." मंजिरीने एक एक करून अंगावरची फुलं काढली. "मी पण जाते, आई," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलंही नाही.

पुढचे काही दिवस त्या घरात सकाळी सहालाही कुकर वाजायचा, कारण टीव्ही बंद होता. डावऱ्याचा संघ कसाबसा अंतिम फेरीत पोचला, हे साडभाऊंना मी सांगितलं. "असं का," ते म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाने खाकी मागितलं तर खाकीच देऊ लागले. मग माझ्या मेहुणीने मला बोलावून घेतलं. "भाऊजी, यांना घेऊन नरखेडला जा," ती म्हणाली. "एकटे गेले तर माफी मागता मागता पुन्हा भांडून येतील."

काटोल रस्त्याने गाडीत साडभाऊंनी माफीची तालीम केली. "प्रोफेसर, तुम्ही व्याही व्हा." मी झालो. दर वेळी माफीची सुरुवात उत्तम व्हायची आणि दोन गावं मागे पडेपर्यंत गाडी डावऱ्यावर यायची. "चूक झाली जी, पण त्या दिवशी जर मुनीमजीनं..." मी हात वर करून त्यांना थांबवायचो. नरखेड येईतो मी थकून गेलो होतो.

व्याही बागेत होते. विहिरीवर मोटार चालू होती. आम्हाला पाहून त्यांनी ती बंद केली, आणि एवढी शांतता झाली की पाटातलं उरलेलं पाणी वाहताना ऐकू येत होतं. "या जी," ते म्हणाले. खाट टाकली. पाणी दिलं. साडभाऊ सगळी तालीम विसरले.

"जावयाबद्दल बोललो," ते म्हणाले, "ते नव्हतं बोलाले पाह्यजे." मी सवयीने हात वर केला. पण त्यांनी 'पण' म्हटलं नाही.

"माह्या पोराबद्दल बोलले त्याचं काई नाही," व्याही म्हणाले. "थे तर मीबी बोलतो. पण सूनबाईच्या समोर बोलले. तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं का जी तुमी?"

साडभाऊंनी मान हलवली. नाही, अशी. मग खिशातून रुमाल काढून ते कपाळाचा घाम पुसायला लागले आणि कपाळ सोडून डोळे पुसत राहिले.

घरी गेलो तर मंजिरीने दारातच विचारलं, "जेवून आले की जेवायचं आहे?" आत पाहतो तो कोपऱ्यात तिची बॅग भरून ठेवलेली. "परवापासून भरून आहे," ती म्हणाली. "हे म्हणून राहिले, डॉक्टरीण नागपूरची, तुले तिकडेच सोडून देतो. मीच थांबली होती."

"काहून?" साडभाऊंनी विचारलं.

"तुम्ही कधी येता ते पाहत होती."

जावई गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले. "जेवण झालं की निघू. ऊन उतरायची वाट नको पाहायला, माझ्या गाडीत एसी आहे," ते म्हणाले आणि बॅग उचलून चालू लागले. कोणालाच विचारलं नाही. साडभाऊ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले.

अंतिम सामना दोघा व्याह्यांनी नागपुरात एकाच सोफ्यावर पाहिला. डावरा बेंचवरून उठला, फेकत सुटला आणि संघ जिंकला. बेंचवरून उठला म्हणून जिंकला, असं एकाचं म्हणणं. सुटला म्हणून, असं दुसऱ्याचं. पावसाळ्यात मंजिरीला मुलगी झाली. पेढे वाटताना दोघेही हेच बोलत होते.

आणि मग एके दिवशी बातमी आली, की त्या संघाने डावऱ्याला दुसऱ्या एका संघाकडे देऊन टाकलं. हा नवा संघ अगदीच लेचापेचा. तिथे डावरा पहिल्या मिनिटापासून खेळतो, वाटेल तेवढं फेकतो, त्याला बसवून ठेवणारं कोणी नाही आणि मोकळं उभं राहणारंही कोणी नाही. संघ रोज हरतो. साडभाऊंना हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते नातीला मांडीवर घेऊन, आवाज बारीक करून ते पाहत बसतात.

मागच्या आठवड्यात मी सकाळी गेलो तेव्हा सामना नुकताच संपला होता. नरखेडचा फोन आला. मोठा आवाज लावलेला असल्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"व्याहीबुवा, पाहिलं ना?" व्याह्यांनी विचारलं. "मी म्हणतो, याले इथंबी बेंचवरच बसवाले पाह्यजे."

डावऱ्याला बसवून उतरवायचं कोणाला, त्या संघाच्या बेंचवर बसायच्या लायकीचंही दुसरं कोणी नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. साडभाऊंनी नातीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं.

"तुमचंच बरोबर असन जी," ते म्हणाले.

मग त्या शांत माणसाने, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, आवाज चढवला. "असं नका म्हणू ना, व्याहीबुवा. भांडा ना जी थोडंसं."