हौदाबाहेर उभा राहिलेला पैलवान

इतकी वर्षं लोटली, त्या वेळच्या केस डायऱ्या कधीच रद्दीत गेल्या असतील, पण त्या सकाळी ठाण्यात आलेली वर्दी मला अजून लख्ख आठवते. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सातारा-सांगलीच्या मधल्या पट्ट्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना नदीच्या वाटेवर कुणीतरी काठीनं मारलंय. दवाखान्यात नेलंय."

हे कॉलेज सरकारचं नव्हतं, कुणा संस्थानिकाचंही नव्हतं. पंचक्रोशीतल्या गावांनी ते उभं केलं होतं. कुणी दगड दिला, कुणी सागाचे वासे दिले, ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं त्यानं आठ-आठ दिवस भिंतीवर राबून दिले. आष्ट्याच्या बाजाराला गेलेले गाडीवान परत येताना छपराचे पत्रे घालून आणत आणि भाडं विचारलं तर रागावत. आता विद्यापीठाची पाहणी समिती दहा दिवसांवर आली होती. तिनं मान्यता दिली तर कॉलेज टिकणार, नाहीतर मुलं पुन्हा आपापल्या गावी जाणार. आणि नेमके प्रिन्सिपॉलच अंथरुणाला खिळले होते.

मारहाणीमागे कोण आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कॉलेजच्या मंडळाचा अध्यक्ष ही बडी असामी. गावांनी कॉलेजला दिलेली रस्त्याकडेची जमीन त्याला पुतण्याच्या तेलगिरणीसाठी हवी होती. तशा ठरावावर प्रिन्सिपॉलांची सही लागत होती. त्यांनी ती केली नाही. उलट, हा ठराव मी सगळ्या गावांच्या सभेत वाचून दाखवीन, असं तोंडावर सांगितलं. पण माहीत असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. पोलिसाचं निम्मं आयुष्य या दोहोंच्या मधेच जातं.

मी प्रिन्सिपॉलांचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. डोक्याला पट्टी, डावा हात फळीला बांधलेला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बसा, फौजदारसाहेब."

ही आमची दुसरी भेट. पहिल्या भेटीत मी बसलो होतो आणि ते उभे होते. बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या धरपकडीत, ते हायस्कुलात मास्तर असताना, भूमिगतांना आसरा दिल्याच्या संशयावरून मी त्यांना दोन दिवस भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं होतं. मला एक नाव हवं होतं. त्यांनी ते दिलं नाही. आज त्यांनी मला ओळखलं होतं, यात मला शंका नव्हती. मी खुर्चीच्या कडेवर बसून मान खाली घालून लिहीत राहिलो.

"मागून मारलं. तोंड दिसलं नाही," ते म्हणाले.

"कुणावर संशय?"

"कोर्टात लिहून देण्यासारखा नाही." मग त्यांनी मलाच विचारलं, "येताना कॉलेजवरून आलात का? वर्ग चालू आहेत का?"

वर्ग चालू होते, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही माझ्या मूर्खपणामुळे. अध्यक्षानं ठाण्यात अर्ज दिला, की बेकायदा जमावानं कॉलेजचा ताबा घेतला आहे, तो उठवावा. मी अर्ज नीट न पडताळता सहा शिपाई आणि लाठ्या घेऊन गेलो. फाटकावर पेन्शनीत निघालेला एक सुभेदार छातीवर पदकं लावून खुर्ची टाकून बसला होता. त्यानं मला कडक सलाम ठोकला, पण वाट काही सोडली नाही.

"आवं साहेब, हितं जमाव न्हाई. वर्ग भरलाय."

मी आत पाहिलं. प्रिन्सिपॉलांचे तास बुडू नयेत म्हणून एक वकील काळ्या कोटातच इतिहास शिकवत होते. पोस्टमास्तर दुपारच्या सुट्टीत इंग्रजी घ्यायला आले होते. बागवान गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मुलांसाठी पाण्याचे हंडे भरले होते. बाया भाकऱ्या घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. कुणाच्या हातात दगड सोडा, काठीसुद्धा नव्हती. मी शिपायांना लाठ्या झाडाखाली ठेवायला सांगितल्या. नोकरीत मी पुष्कळ जमाव पाहिले, पण पोटच्या पोराला ताप आल्यासारखे उशाशी बसून राहिलेले लोक तेवढेच. मला गहिवरून आलं, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

निघताना ताक विकणारी एक म्हातारी पुढं आली. तिला सगळे आक्का म्हणत. तिनं माझ्या हातावर भाकरी ठेवली. आक्का रोज सकाळी नदीच्याच वाटेनं गावात येते, हे मला ठाऊक होतं.

"आक्का, काल सकाळी तुम्ही काही पाहिलंत का?"

"खाकीला सांगून कवा कुणाचं भलं झालंय?" ती म्हणाली.

"नाही झालं," मी म्हणालो.

तिला या उत्तराची अपेक्षा नसावी. मग ती आपणहून बोलली. "त्वांड बांदलं व्हतं त्यानं. पर मारायच्या आदी खाली वाकला, वाटंवरली माती उचलली आन् कपाळाला लावली. मला वाटलं, मास्तरांच्या पाया पडतोय."

इथे तपास फिरला. आमच्याकडे पैलवान लढण्याआधी माती कपाळाला लावतो. त्याला सलामी म्हणतात. भाडोत्री गुंड असं कधी करणार नाही. ज्याचा देह लहानपणापासून तालमीत घडला, त्याचाच हात आपोआप मातीकडे जातो. तोंड झाकायचं त्याला सुचलं, पण सलामी सोडायचं सुचलं नाही.

गावच्या तालमीचे वस्ताद साठीचे मुसलमान गृहस्थ होते. त्यांना मी आक्काचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी या. वर्दी घालू नका."

दुसऱ्या दिवशी मी धोतर-सदऱ्यात जाऊन तालमीच्या कोपऱ्यात बसलो. कुस्तीच्या मातीच्या हौदाभोवती लंगोट लावलेली पोरं उभी होती. वस्ताद म्हणाले, "ताक, तेल, हळद घालून ही माती आपण राखतो. कुणीतरी हिच्या नावानं सलामी घेतली आन् मास्तरांवर मागनं काठी टाकली. ज्याचा हात सोच्छ हाय, त्यानं हौदात यावं. मला दुसरं काय इचारायचं न्हाई."

एकेक पोरगा मातीला हात लावून आत उतरला. शेवटी एकच बाहेर राहिला, पंचविशीतला, तालमीतला सगळ्यात तयारीचा गडी. त्यानं पाऊल उचललं आणि पुन्हा मागे घेतलं. वस्तादांनी आपलं उपरणं त्याच्या उघड्या खांद्यावर टाकलं. त्यांचे डोळे भरले होते. "चल," ते म्हणाले, "मी येतो संगं."

ठाण्यात त्यानं मारल्याचं लगेच मान्य केलं, पण कुणाच्या सांगण्यावरून, यावर ओठ मिटून घेतले. दुपार टळली. जमादार माझ्या कानाशी लागला, "साहेब, अर्धा तास माझ्याकडं द्या." मी त्याला बाहेर जायला सांगितलं. दाराबाहेर बाकावर वस्ताद बसून होते.

अखेर पैलवान माझ्याकडे बघून बोलला. "त्या मास्तरनं माज्या भावाचं नाव तुमास्नी दिलं. भाऊ जेलातच मेला. आन् तुमीच मला इचारता व्हय?"

बेचाळीसात मला हव्या असलेल्या त्या एका नावाचा माणूस म्हणजे याचा भाऊ. मी जबाबाचा कागद बाजूला सारला.

"हे ज्यानं सांगितलं, त्यानं तुला फसवलं," मी म्हणालो. "तुझ्या भावाची खबर आम्हाला दुसरीकडून आली. कोणाकडून, ते मी सांगणार नाही. पण मास्तरांकडून नाही. त्यांना विचारणारा मीच होतो. दोन दिवस मी त्यांना उभं ठेवलं. ते बोलले नाहीत."

"दोन दिस?"

"दोन दिवस आणि दोन रात्री."

"पानी दिलं व्हतं का त्यास्नी?"

"थोडं."

तो एवढा मोठा गडी गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला. मी त्याला थांबवलं नाही. मग त्यानं अध्यक्षाचं नाव सांगितलं. कुठे बोलावलं, कुणासमोर सांगितलं, काठी कुणी दिली, सगळं सांगितलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिथेही तो शब्दाला जागला. अध्यक्षाला अटक झाली, तेव्हा बाजारपेठेत कुणी घोषणा दिली नाही. लोक नुसते दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते.

समिती आली त्या दिवशी सुभेदारानं आणि वस्तादांच्या पोरांनी प्रिन्सिपॉलांना खुर्चीसकट उचलून कॉलेजात आणलं. मान्यता मिळाली. जमीन मुलांकडेच राहिली. खटल्यात प्रिन्सिपॉलांनी पैलवानासाठी कोर्टाकडे दयेची विनंती केली, त्याला थोडकीच सजा झाली. अध्यक्षाला मात्र चांगलीच भोगावी लागली.

बदलीचा हुकूम आल्यावर मी प्रिन्सिपॉलांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिथे तोंडातून "सर, त्या वेळी..." एवढंच निघालं.

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "त्या पोराला तुम्ही खरं सांगितलंत. मी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता. ते तुम्हीच सांगायला हवं होतं." आणि त्यांनी आपल्या दुखऱ्या हातानं माझ्यापुढे चहाची बशी सरकवली.

वरिष्ठांनी या तपासाबद्दल मला शाबासकी दिली. माणसाला बोलतं करायचं ते दरडावून, असंच मी त्याआधी समजत होतो. या केसनं मला शिकवलं, की समोरच्यानं खरं बोलावं असं वाटत असेल तर पहिलं खरं आपलं असावं लागतं. पण हे मी तेव्हा कुठे लिहिलं नाही. केस डायरीत मी नोंदवलं, 'आरोपीस वस्तुस्थिती समजावून दिल्यावर त्याने हकिकत सांगितली.' ती वस्तुस्थिती काय होती, हा रकाना मी कोरा ठेवला. आज तो भरतो. एका निरपराध शिक्षकाला मी दोन दिवस, दोन रात्री उभं ठेवलं होतं, आणि पाणी थोडंच दिलं होतं.