पाचावरचा पंखा

कळव्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या शेवंतीने तीस वर्षं लोकांच्या घरी पानं वाढली. लेक रुचिताचं लग्न ठरलं, तेव्हा व्याह्यांचं पहिलं जेवण आपल्याच दोन खोल्यांत, टेबल सजवून करायचं, हे तिने पक्कं केलं.

"आई, हॉटेलात जाऊ ना! इथे जागा कुठेय?" रुचिता कुरकुरली.

"जागा मी करते."

गच्चीवरचं जुनं काळपट दार धुऊन दोन टेबलांवर आडवं टाकलं. मी रंगमंचावर राणी व्हायचे तेव्हाचे पितळी पेले दिले. त्यांत मोगरा सजला. आदल्या दिवशी चक्क रंगीत तालीम! पानांभोवती रांगोळीची महिरप काढली, पंखा लावला आणि सगळी रांगोळी माझ्या मांडीवर.

"बघ! आता बुफेच," रुचिता म्हणाली. मे महिन्यात पंखा बंद ठेवणं शक्यच नव्हतं.

शेवंतीने तांदूळ भिजत घातले. सकाळी ते वाटून, ओल्या पिठाने तीच महिरप थेट लाकडावर काढली आणि सुकू दिली.

दुपारी डोंबिवलीहून व्याह्यांची मंडळी आली. पानांवर फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, वाटीत आमरस. रुचिताचा हात पंख्याच्या बटणाकडे जाताच विहीणबाई ओरडल्या, "अगं, रांगोळी उडेल!"

"पाचावर कर गं," शेवंती म्हणाली.

पंखा गरगरला. महिरप जागची हलली नाही. विहीणबाईंनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं, हसल्या आणि पानावर बसल्या.