भाभींना बसवून बघा

अहमदपूरच्या बसस्टँडमागे एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. बोलताना ते सारखे हात पुसतात, आणि नवी गाडी पाहायला नेलं तरी बॉनेट उघडत नाहीत. "इंजिन कंपनीनं बघितलंय, गुरुजी. बसणारी माणसं कोण बघणार?"

जुळी नातवंडं झाली, थोरली नात क्लाससाठी लातूरला राहिली, तेव्हा आम्हाला मोठी गाडी हवी होती. मी सगळ्यात उंच, रुबाबदार गाडी मनात पक्की केली होती. मिस्त्री म्हणाले, "आधी भाभींना बसवून बघा."

त्र्याण्णवच्या भूकंपात बायकोचा गुडघा कायमचा अधू झाला होता. त्या उंच गाडीत तिला पायच टाकता येईना. मग मिस्त्रींनी तिला शोरूममधल्या एकेका गाडीत चढायला-उतरायला लावलं, स्वतः उकिडवं बसून पायरीची उंची वितीनं मोजली. ज्या गाडीत ती कुणाचा हात न धरता बसली, तीच आम्ही घेतली.

आता दर रविवारी ती डबा घेऊन नातीकडे जाते. पाहुणे म्हणतात, "गुरुजींनी गाडी लई पारखून घेतली." दोन वर्षं मी नुसती मान डोलावली. परवा जेवताना सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं, की पारख माझी नव्हे, मिस्त्रींची.

बायको वाढता वाढता म्हणाली, "मला काय सांगून राहिलात? गुडघा माझा हाय. तुम्ही तर तवा रंग बघत होते."